शेजाऱ्यांचा गॅस बाजार: क्लायंटला हब हवं होतं, ठाण्याच्या टीमने काय दिलं

पार्श्वभूमी

ठाण्यात वागळे इस्टेटला एक छोटी कन्सल्टन्सी आहे. नाव देत नाही, क्लायंटचंही देत नाही, आणि ओळख पटेल अशा काही गोष्टी मुद्दाम इकडच्या तिकडे केल्यात. काम वीज आणि गॅसच्या टॅरिफचं, म्हणजे कुणाला नियामकापुढे दर मागायला जायचं असेल तर त्याची आकडेमोड, फाईल, आक्षेपांची उत्तरं तयार करून द्यायची, एकंदर रुक्ष मामला. टीम आटोपशीर. मॅडम, ज्यांची ही कंपनी. काका, पाईपलाईनच्या कामात सगळी नोकरी काढून रिटायर झालेले इंजिनिअर, जमेल तसे यायचे. कळव्याची एक मुलगी, इकॉनॉमिक्स करून नुकतीच लागलेली. आणि मी, लिहायचं काम माझ्याकडे.

२०२४ च्या सुरुवातीला एका परदेशी संस्थेचं काम आलं. विषय असा की भारत, बांगलादेश, नेपाळ आणि जमलं तर श्रीलंका मिळून नैसर्गिक वायूचा एकच सामायिक बाजार उभा करता येईल का, आणि येत असेल तर कसा. नमुनाही त्यांनीच ठरवून दिलेला, फिनलंड आणि तीन बाल्टिक देश. पहिल्याच ईमेलमध्ये ‘साउथ एशियन गॅस हब’ (हब म्हणजे सगळीकडचा गॅस जिथे एकत्र येऊन विकला-घेतला जातो ती जागा) असा शब्द होता आणि सोबत एक नकाशा, ज्यात चारी बाजूंनी बाण येऊन बंगालच्या उपसागराच्या टोकाला मिळत होते. काकांनी नकाशा बघून एवढंच विचारलं, "बाण काढलेत छान, पण ह्या प्रत्येक बाणाचं भाडं कोण देणार ते कुठे लिहिलंय?" ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बाल्टिकमध्ये नेमकं काय झालं

नमुना दिलाय म्हटल्यावर आधी तो नीट वाचून काढला, आणि तो वेळ वसूल झाला.

२०१४ पर्यंत लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया आणि फिनलंड, चौघांचाही गॅस रशियातून यायचा, दुसरा दुकानदारच नाही. लिथुआनियाने २०१४ च्या शेवटी क्लाइपेडा बंदरात तरंगतं एलएनजी टर्मिनल आणून लावलं, म्हणजे एक जहाजच, नाव ‘इंडिपेंडन्स’, बाहेरून आलेला द्रवरूप गॅस त्यात परत वायू करून पाईपात सोडतात. टर्मिनल खरंच येतंय हे दिसल्यावर जहाज पोचायच्या आधीच रशियाच्या सरकारी गॅस कंपनीने, गॅझप्रॉमने, लिथुआनियाचा दर कमी करून दिला, त्यामुळे टर्मिनलचा पहिला फायदा गॅसचा एक थेंबही न उतरवता मिळाला. लाटवियाकडे इन्चुकाल्न्सला जमिनीखाली मोठा गॅससाठा करायची जागा आहे, बाल्टिकमधली एकुलती एक, उन्हाळ्यात भरायची आणि थंडीत काढायची. मग १ जानेवारी २०२० ला फिनलंड आणि एस्टोनिया जोडणारी बाल्टिककनेक्टर पाईपलाईन सुरू झाली, समुद्राखालून ७७ किलोमीटर, आणि त्याच दिवसापासून फिनलंड, एस्टोनिया, लाटविया ह्या तिघांनी एकमेकांच्या सीमेवरचं गॅसचं वाहतूक भाडं शून्य केलं. बाहेरून गॅस आत आणताना एकदा प्रवेशाचं टॅरिफ भरायचं, मग आतल्या सीमा ओलांडताना वेगळं काही नाही.

क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये इथपर्यंतच होतं. पुढची गोष्ट त्यांनी गाळलेली की ज्या लिथुआनियाकडे टर्मिनल आहे तोच ह्या शून्य भाड्याच्या झोनच्या बाहेर राहिला! कारण भरपाईचा हिशोब जुळला नाही. क्लाइपेडाच्या जहाजाचा खर्च लिथुआनियाचे ग्राहक आपल्या बिलातून भरत आलेत, आणि सीमेवरचं भाडं शून्य केलं की तिथे मिळणारा पैसा बुडणार, तो शेजाऱ्यांनी किती आणि कुठल्या सूत्राने भरून द्यायचा ह्यावर एकमत झालं नाही. आपल्या सोसायट्यांमध्ये लिफ्टच्या खर्चावरून तळमजला आणि सातवा मजला वर्षानुवर्षं भांडतात, तसाच हा प्रकार, फक्त इथे ज्याने लिफ्ट बसवली तोच म्हणतोय की आता फुकट वर जाऊ नका.

२०२२ मध्ये मात्र ह्याच अर्धवट जोडलेल्या जाळ्याने सगळ्यांना तारलं हेही खरं. लिथुआनियाने एप्रिलपासून रशियन गॅस बंद केला, १ मे ला पोलंड-लिथुआनिया पाईपलाईन चालू झाली, २१ मे ला गॅझप्रॉमने फिनलंडचा पुरवठा तोडला. मग फिनलंड आणि एस्टोनियाने मिळून आणखी एक तरंगतं टर्मिनल भाड्याने घ्यायचं ठरवलं, एस्टोनियाने पाल्डिस्कीला घाईघाईत जेट्टी बांधून काढली, आणि जहाज शेवटी गेलं समोरच्या किनाऱ्यावर, फिनलंडच्या इंकूला. एस्टोनियात त्यावरून चांगलीच नाराजी झाली. म्हणजे युरोपियन युनियनचे कायदे एक, चलन बहुतेकांचं युरो, धमकी सगळ्यांना सारखीच, तरीही जहाज कुठल्या धक्क्याला लागायचं ह्यावर तोंडं वाकडी होतात. आपल्याकडे ह्यातलं एकही नाही, ना समान कायदा, ना समान चलन, आणि धमकी कुणाकडून ह्यावर तर विचारूच नका.

नेमकी अडचण

अडचण दोन पातळ्यांवर होती. एक खरीखुरी, गॅसची. दुसरी क्लायंटची, त्यांना उत्तर आधीच माहीत होतं आणि आमच्याकडून त्याला फक्त आकडे हवे होते.

गॅसची आधी सांगतो. आपल्या भागात विकायला जास्तीचा गॅस कुणाकडेच नाही. भारत आपल्या गरजेचा साधारण निम्मा गॅस एलएनजी म्हणून आयात करतो. बांगलादेशने अनेक दशकं सिल्हेट भागातल्या स्वतःच्या गॅसवर वीज, खत आणि कापड गिरण्या चालवल्या, ते साठे उतरायला लागले तसं २०१८ पासून कॉक्स बझारजवळ मोहेशखालीला तरंगती टर्मिनलं लावून एलएनजी आणायला सुरुवात केली. नेपाळमध्ये पाईपचा गॅस नाहीच, भारतातून जाणारे एलपीजीचे सिलिंडर. श्रीलंकेतही नैसर्गिक वायूचा बाजार नाही. चार शेजारी, चौघेही गिऱ्हाईक. बाल्टिकमध्येही चौघे गिऱ्हाईकच होते हे खरं, पण त्यांच्यात जुन्या सोव्हिएत काळातल्या पाईपलाईन आधीपासून एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि मध्ये इन्चुकाल्न्ससारखा मोठा साठा होता. भारत-बांगलादेश सीमेवर गॅसची पाईपलाईन नाही आणि इन्चुकाल्न्ससारखी साठवण दोघांकडेही नाही.

मग सामायिक बाजार कशाचा? उत्तर एवढंच उरतं की बाहेरून येणाऱ्या एलएनजीचा. पूर्व किनाऱ्यावर ओडिशात धामरा टर्मिनल २०२३ मध्ये सुरू झालंय, जगदीशपूर-हल्दिया-बोकारो-धामरा पाईपलाईन बंगालमध्ये पुढे सरकत होती, आणि पलीकडे बांगलादेशची टर्मिनलं वादळाच्या वाटेवर आहेत. मे २०२३ मध्ये मोखा चक्रीवादळात मोहेशखालीची दोन्ही जहाजं बंद ठेवावी लागली. मे २०२४ मध्ये, आमचं काम चालू असतानाच, रेमाल आलं आणि दोनातलं एक जहाज नुकसान होऊन बरेच महिने कामातून गेलं. अशा वेळी पश्चिमेकडून पाईपने थोडा गॅस आला असता तर बांगलादेशचा नक्कीच फायदा, आणि धामराची रिकामी क्षमता विकली गेली असती तर तिकडचाही. एवढा खरा माल ह्या कल्पनेत आहे, आणि तो नाकारायचं कारण नाही.

रबाळ्याचं गिऱ्हाईक

मॅडमचा एक नियम आहे, कुठल्याही टॅरिफच्या कामात शेवटी जो बिल भरतो त्याला एकदा भेटायचं. बांगलादेशातलं गिऱ्हाईक हाताशी नव्हतं म्हणून कळव्याच्या मुलीला घेऊन मी ठाणे-बेलापूर रोडला रबाळे एमआयडीसीत एका पावडर कोटिंगवाल्याकडे गेलो. त्यांची भट्टी पाईपच्या गॅसवर चालते. त्यांना हब, झोन वगैरे सगळं समजावून सांगितलं, त्यांनी चहा मागवला, शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "ताई, ते सगळं बरोबर असेल, पण माझा जॉबवर्कचा रेट पार्टीने सहा महिन्यांसाठी बांधून घेतलाय. गॅस वर गेला की मी एलपीजीवर जातो, बर्नर दोन्हीवर चालतो. तुमच्या पाईपात मी कायम बसून राहीन असं धरू नका."

हे मोठ्या प्रमाणावर २०२२ मध्ये गुजरातेत मोरबीला झालंच होतं, गॅस महागल्यावर टाइल्सचे कारखाने प्रोपेनवर गेले. ह्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा की सीमापार पाईपलाईन बांधायला कुणीतरी पंधरा-वीस वर्षांसाठी क्षमता बुक करावी लागते, ‘शिप ऑर पे’, म्हणजे गॅस नेला नाही तरी भाडं द्यायचं. जो ग्राहक दर बघून इंधन बदलतो तो ही सही करत नाही. मग सही करायची सरकारी कंपनीने, आणि सरकारी कंपनीची सही म्हणजे शेवटी दोन्ही देशांच्या खजिन्याची हमी. मुलीने येताना ट्रेनमध्येच मागणीचा तक्ता बदलला, उद्योगांची मागणी ‘पक्की’ आणि ‘दरावर अवलंबून’ अशी दोन भागात तोडली. पुढे त्या एका बदलाने नकाशावरचे निम्मे बाण आपोआप बारीक झाले.

पर्याय काय काय होते

पहिला निर्णय कुणाला धरायचं हा. क्लायंटच्या टीममधल्या कुणीतरी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानही घ्या, तापी आहेच की, असं सुचवलेलं. तापी म्हणजे तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे भारतात येणारी साधारण १,८०० किलोमीटरची पाईपलाईन, करार २०१० चा, आणि गॅस अजून पंजाबातल्या फाजिल्कापर्यंत पोचलेला नाही. त्याआधी इराणची पाईपलाईन होती, तीही कागदावरच राहिली. त्यापेक्षा आम्हाला जवळचं आणि जास्त बोलकं उदाहरण वाटलं म्यानमारचं. जानेवारी २००५ मध्ये म्यानमार, बांगलादेश आणि भारताच्या मंत्र्यांनी मिळून पाईपलाईनवर तत्त्वतः होकार दिला होता. बांगलादेशने वाट देण्याच्या बदल्यात नेपाळ-भूतानशी व्यापाराला भारतातून रस्ता आणि त्यांची वीज हवी असं सांगितलं, त्यावर घोडं अडलं, आणि म्यानमारने तो गॅस चीनला दिला, २०१३ पासून तो तिथल्या युनान प्रांताला जातोय. वाट कोण देणार आणि बदल्यात काय घेणार हे आधी न ठरवल्याची ही किंमत. पाकिस्तान-अफगाणिस्तान आम्ही एका परिच्छेदात संपवलं. श्रीलंकेला समुद्राच्या पलीकडे ठेवलं. उरले भारत आणि बांगलादेश, नेपाळ नावापुरता.

दुसरा निर्णय रचनेचा, आणि इथे खरी ओढाताण झाली. टेबलावर तीन गोष्टी होत्या.

क्लायंटला हवा तो एकच झोन, फिनलंड-एस्टोनिया-लाटवियासारखा, आत सीमाभाडं शून्य. दिसायला सगळ्यात सुंदर, आणि सगळ्यात जास्त विश्वास मागणारा. मॅडमचा मुद्दा असा होता की अहो, भारतातल्या भारतात एक झोन करायला आपल्याला किती वर्षं लागली बघा. पीएनजीआरबीचा, म्हणजे आपल्या गॅस पाईपलाईनच्या नियामकाचा, एकीकृत टॅरिफ १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, त्यात वेगवेगळ्या पाईपलाईन कंपन्यांनी गोळा झालेला पैसा आपसात वळता करायची व्यवस्था करावी लागली, म्हणजे बाल्टिकवाला भरपाईचा हिशोबच, पण एका देशाच्या एका नियामकाखाली. आणि कर तर अजून झालेला नाही, नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर आहे, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ ला तो साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला तेव्हा इकडे बातम्यांवर बातम्या. ज्या देशात राज्याची हद्द ओलांडली की गॅसचा कर बदलतो त्याने शेजाऱ्याशी एक झोन करायचं म्हणजे जरा अतीच.

दुसरा पर्याय दोन सरकारांमधला सरळ करार, एक पाईप, एक विकणारा, एक घेणारा. काकांचा कल इकडे होता. ह्याला आम्ही पश्चिम आफ्रिकेचं उदाहरण लावून बघितलं. नायजेरियाहून बेनिन, टोगो करत घानाला जाणारी ६७८ किलोमीटरची पाईपलाईन, २००३ चा आंतरराष्ट्रीय करार, स्वतःचं नियामक प्राधिकरण, कागदावर सगळं चोख. तरी वर्षानुवर्षं नायजेरियाकडून ठरलेला गॅस पूर्ण येईना आणि घानाकडून पैसे वेळेवर जाईनात, दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. शिवाय ऑगस्ट २०१२ मध्ये टोगोच्या समुद्रात एका जहाजाच्या नांगराने पाईप फाटला आणि बरेच महिने सगळं बंद. (बाल्टिककनेक्टरही ८ ऑक्टोबर २०२३ ला नांगरानेच फाटली आणि एप्रिल २०२४ ला परत चालू झाली. समुद्राखालच्या पाईपला नांगर लागतोच असं धरून चालावं, काका म्हणतात.) फरक बघा, बाल्टिक फाटली तेव्हा फिनलंडकडे इंकूचं जहाज होतं आणि एस्टोनियाकडे लाटवियाचा साठा, कुणाची चूल विझली नाही. घानाकडे तेव्हा तितका दुसरा रस्ता नव्हता.

तिसरा पर्याय कळव्याच्या मुलीने आणला, विजेवरून. नेपाळ २०२१ च्या नोव्हेंबरपासून आपल्या वीज एक्स्चेंजवर वीज विकतोय, एखादा झोन वगैरे न करता, आपल्याच नियमात शेजाऱ्याला खिडकी उघडून दिली म्हणून. तसंच गॅसचं का नाही? इंडियन गॅस एक्स्चेंज जून २०२० पासून चालू आहे, बांगलादेशच्या सरकारी कंपनीला तिथे आयात केलेला गॅस विकत घेता येईल आणि डिलिव्हरी सीमेवर, एवढंच. छोटं, कंटाळवाणं, आणि मागे घेता येण्यासारखं. शेवटचा गुण क्लायंटला दोष वाटला.

केलं काय

मॅडमनी तिसरा पर्याय उचलला पण जसाच्या तसा नाही. चार गोष्टी आधी लेखी ठरल्याशिवाय पाईपचा एक मीटरही टाकू नका असं आम्ही मसुद्यात घातलं.

माल कुठला, तर फक्त आयात केलेला एलएनजी. देशात निघणारा स्वस्त गॅस आपल्याकडे घरगुती पाईप आणि सीएनजीला आधी दिला जातो, त्याची किंमत सरकार ठरवतं, तो सीमापार जातोय असं नुसतं पेपरात आलं तरी इथे कुठलंही सरकार दुसऱ्या दिवशी हात काढून घेईल. हे कलम अर्ध्या तासात झालं, वादच नव्हता.

मोजमाप कशात, ह्याला मात्र फार वेळ गेला. आपल्याकडे व्यवहार उष्णतेवर होतो, एमएमबीटीयूमध्ये, १ एमएमबीटीयू म्हणजे साधारण २ लाख ५२ हजार किलोकॅलरी. बांगलादेशात ग्राहकाचा दर घनमीटरवर ठरतो. एका घनमीटरमध्ये उष्णता किती हे त्यात मिथेन किती आणि इथेन-प्रोपेन किती ह्यावर जातं, त्यामुळे एलएनजीचा घनमीटर आणि विहिरीतल्या गॅसचा घनमीटर एक नसतो. काकांनी सांगितलं की असले फरक सुरुवातीला टक्का-दोन टक्क्यांचे वाटतात आणि वर्षाअखेरीला त्यातून कोर्टकचेऱ्या होतात. सीमेवर उष्णतेने मोजायचं, दोन्ही बाजूंचे मीटर, तिसऱ्या पक्षाची तपासणी, असं लिहिलं. बाल्टिकवाले हा सगळा व्यवहार ऊर्जेतच करतात, मेगावॉट-अवरमध्ये, तिथून हे सरळ उचललं.

टंचाईत काय, हे सगळ्यात अवघड कलम. युरोपात २०१७ चा नियम आहे की शेजाऱ्याच्या घरगुती ग्राहकांची चूल विझायची वेळ आली तर आपल्या कारखान्यांचा गॅस कापून त्याला द्यायचा, पैसे घेऊन. आपल्याकडे हे कोण मान्य करेल? २०२२ मध्ये गेल ह्या आपल्या सरकारी गॅस कंपनीला रशियन कंपनीच्या जुन्या करारातला एलएनजी मिळेनासा झाला, करार होता पण जहाजं आली नाहीत, आणि इकडे गेलला खत कारखान्यांसकट ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. त्याच वर्षी जुलैत बांगलादेशने दर झेपेना म्हणून खुल्या बाजारातली एलएनजी खरेदीच थांबवली आणि रोजचं लोडशेडिंग सुरू झालं. म्हणजे टंचाई आली की दोघांना एकाच वेळी येणार, कारण दुकान एकच, जगाचा एलएनजी बाजार. एकजण उपाशी आणि दुसरा जेवलेला असं होणारच नाही. म्हणून आम्ही ‘मदत’ हा शब्द काढला आणि कार्गोनुसार, म्हणजे जहाजभर मालाच्या हिशोबाने लिहिलं: बांगलादेशने पैसे देऊन बुक केलेला कार्गो धामराला उतरला की तो त्यांचा, मध्ये कितीही टंचाई असली तरी भारतातल्या कुणाला वळवता येणार नाही, आणि त्यापलीकडे कुणी कुणाचं देणं लागत नाही. कोरडं आहे, पण पाळता येईल असं.

चौथं पैशांचं. गॅस जायच्या आधी बँकेची हमी, डॉलरमध्ये, आणि हमी संपली की वाल्व बंद, मंत्र्यांना फोन न करता. ह्यावर मुलगी म्हणाली हे फार कठोर होतंय, शेजारी आहेत ते. मॅडम म्हणाल्या, "शेजारी आहेत म्हणूनच. परक्याकडून थकले तर कोर्टात जाता येतं, शेजाऱ्याशी सगळीकडेच भांडण लागतं."

भरपाईचा तक्ता आम्ही वेगळा जोडला: बांगलादेशच्या गॅससाठी भारतातल्या पाईपलाईनला किती भाडं, धामराला किती, सीमेवरच्या नव्या तुकड्याचा खर्च कोणाच्या बिलात. क्लायंटच्या मूळ नकाशात नसलेली गोष्ट ती हीच, त्यामुळे काका त्या तक्त्यावर फार खूश होते.

५ ऑगस्टनंतर

मसुदा गेला जुलै २०२४ मध्ये. क्लायंटचं उत्तर थंड होतं, अहवाल ‘पुरेसा महत्त्वाकांक्षी नाही’ असं म्हणाले आणि हबचं प्रकरण पुढे आणा, बाकी परिशिष्टात टाका असं सुचवलं. इथे निर्णयाची दुसरी वेळ आली. पैसे अजून अर्धे यायचे होते, दुसऱ्या टप्प्याचं काम तोंडावर होतं, आणि मागितलेलं लिहून द्यायला तांत्रिकदृष्ट्या काहीच अडचण नव्हती, एक झोन ‘दीर्घकालीन उद्दिष्ट’ म्हणून घातला की झालं. मी स्वतः तेच सुचवलं होतं. मॅडमनी मधला रस्ता काढला, हबचं प्रकरण लिहायचं, पण त्यात लिथुआनिया बाहेर का राहिला ते पहिल्या पानावर घालायचं, वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजू दे.

ते लिहीत असतानाच ढाक्यात ५ ऑगस्टला सरकार गेलं. ज्या लोकांशी क्लायंट बोलत होता त्यातली बरीचशी माणसं एका आठवड्यात खुर्चीवर नव्हती.

नंतरच्या तीन महिन्यांत विजेच्या बाजूला जे झालं ते आम्ही रोज बघत होतो. नेपाळहून भारतातून बांगलादेशला ४० मेगावॉट वीज द्यायच्या करारावर जुलैअखेर सही व्हायची होती, ती लांबली, आता गेलंच असं सगळे म्हणत होते, पण ३ ऑक्टोबरला काठमांडूत सही झाली आणि १५ नोव्हेंबरला त्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी वीज गेलीसुद्धा. दर युनिटला ६.४ सेंट, रस्ता भारतातून, मध्ये भारताची सरकारी कंपनी. सरकार बदललं, संबंध बिघडले, तरी हा छोटा, लेखी, दर ठरलेला व्यवहार टिकला. त्याच सुमाराला झारखंडातल्या गोड्डाहून बांगलादेशला जाणारी वीज थकबाकीवरून निम्म्यावर आली. दोन्ही बातम्या एकाच महिन्यातल्या. आमच्या चौथ्या कलमाला ह्यापेक्षा मोठा पुरावा लागला नसता, आणि क्लायंटनेही त्यावर पुढे वाद घातला नाही.

निकाल

हबचं प्रकरण अहवालात राहिलं, मधोमध. खिडकीचा प्रस्ताव आणि चार कलमं त्याच्यापुढे आली, हे ऑगस्टनंतर क्लायंटनेच बदललं. दुसरा टप्पा रद्द झाला, त्याचे पैसे अर्थातच आले नाहीत, आणि छोट्या कंपनीला ते जाणवतं. भरपाईचा तक्ता क्लायंटने पुढे एका वेगळ्या प्रशिक्षणात वापरला असं कळलं. सीमेवर गॅसचा पाईप ह्या अहवालामुळे पडलेला नाही, कुणाला तशी अपेक्षाही नव्हती.

डिझेलचा मात्र पडलेला आहे, हे लोक विसरतात. सिलिगुडी ते पार्बतीपूर डिझेलची पाईपलाईन मार्च २०२३ मध्ये सुरू झाली, आणि नेपाळला मोतिहारी-आमलेखगंज सप्टेंबर २०१९ पासून आहे. एक माल, ठरलेले घेणारे-देणारे, भाड्याचा प्रश्न आधीच सुटलेला. नकाशावर त्यांचे बाण काढायला क्लायंट विसरला होता.

पुन्हा करायचं झालं तर

ढाक्याजवळच्या गाझीपूरच्या एखाद्या कापड गिरणीवाल्याशी पहिल्या महिन्यातच बोलायला हवं. तिकडच्या बऱ्याच गिरण्या स्वतःचे गॅसवरचे जनरेटर चालवतात, त्यांची मागणी रबाळ्याच्या भट्टीसारखी हलती नाही, गॅस नसेल तर यंत्रच बंद. रबाळ्यावरून आम्ही जो अंदाज बांधला तो बांगलादेशच्या उद्योगाला जरा कमी लेखणारा असू शकतो, आणि ‘पक्की’ मागणी आमच्या तक्त्यापेक्षा मोठी निघाली तर शिप ऑर पे वर सही करणारा खासगी माणूसही मिळू शकेल. तसं झालं तर काकांचा सरळ कराराचा पर्याय परत उघडावा लागेल.

नेपाळला गॅसच्या कामातून पहिल्याच दिवशी काढायला हवं. पाण्यावरची वीज निर्यात करणाऱ्या देशाला डोंगरातून गॅसचा पाईप विकण्यात अर्थ नाही, त्यांचा एलपीजीचा सिलिंडर विजेच्या शेगडीने कमी होईल. ती पानं भरताना जो वेळ गेला तो करांवर गेला असता तर बरं, कारण पश्चिम बंगालमधून जाताना सीमापार गॅसवर कोणता कर लागेल, निर्यात म्हणून सूट मिळेल का, ह्यावर अहवालात फक्त दोन ओळी आहेत.

आणि टंचाईच्या कलमावर टीममध्ये अजून एकमत नाही. काकांचं म्हणणं, कार्गो ज्याचा त्याचा हे कागदावर ठीक, पण टाकीत दोघांचा गॅस मिसळलेला असतो आणि वादळात टर्मिनल तीन दिवस बंद पडलं तर टाकीत उरलेला कोणाचा, तो आधी कोणाला सोडायचा, हे रोजच्या ऑपरेटरला कळलं पाहिजे, वकिलाला नाही. मुलीने त्यासाठी रोजच्या नॉमिनेशनच्या, म्हणजे ज्याने त्या दिवसासाठी जेवढा गॅस मागितला त्याच्या, प्रमाणात वाटायचं सूत्र मांडलंय. मॅडमना ते पटत नाही, त्यांच्या मते ज्याने आधी पैसे भरले त्याचा आधी. पुढचं असं काम आलं की सुरुवात ह्या पानापासून करायची एवढं मात्र ठरलंय.